वजन कोणी ठरवायचे?

क्रिकेटच्या नियमांतली एक गोष्ट मला फार मार्मिक वाटते. बॅटची रुंदी सव्वाचार इंचांहून आणि लांबी 38 इंचांहून अधिक असता कामा नये, असे नियम सांगतो. 2017 पासून कडेची जाडीही 40 मिलिमीटरपर्यंत बांधून टाकली आहे. वजनाविषयी मात्र नियम मुका आहे. ते ज्याने-त्याने आपल्या मनगटाला विचारून ठरवायचे.

आमच्या एडवणच्या किनाऱ्यावर ओहोटीला वाळू घट्ट झाली की टेनिस बॉलचे सामने रंगतात. गोल्फच्या खेळाडूला वेगवेगळ्या फटक्यांसाठी पिशवीत 14 काठ्या बाळगता येतात. आमच्या अख्ख्या संघाला बॅटी दोन, त्याही वर्गणीच्या! म्हणून बॅटची निवड हा आमच्याकडे हौसेचा नव्हे, न्यायाचा प्रश्न आहे.

प्रत्यक्षात काय होते? खरेदीला जातो तो संघातला षटकारवीर. तो स्वतःच्या दंडाला शोभेल अशी बॅट आणतो. सचिन तेंडुलकर तीन पौंडांहून जड बॅटने खेळत असे, हा दाखला तयारच असतो. मग आठवी-नववीतला पोरगा तीच बॅट उचलतो. ती वेळेवर खाली येत नाही, चेंडू निसटतो आणि आपण शिक्का मारून मोकळे होतो, 'याच्यात दम नाही!' दोष बॅटचा, शिक्षा पोराला.

खरे तर निवड अवघड नाही. मूठ फक्त वरच्या हाताने, म्हणजे उजव्या फलंदाजाने डाव्या हाताने धरावी आणि बॅट आडवी उचलावी. मनगट थरथरले तर ती बॅट आपली नव्हे. दोन बॅटींचे वजन सारखे असले तरी जिचा भार तळाकडे, ती हाताला जड लागते. तेव्हा काट्यापेक्षा हातावर विश्वास ठेवावा. इंग्लिश विलोचा मोहही नको. ते लाकूड मऊ आणि महाग. त्याचे चीज लेदरच्या चेंडूवर होते. टेनिस बॉलला काश्मिरी विलो पुरे. वाचलेल्या पैशांत लहानांसाठी एक हलकी बॅट घ्यावी.

पालघरचा शार्दूल ठाकूर 2017 साली भारताकडून खेळला. तसा आणखी कोणी आमच्या वाळूत असेलही. पण आधी त्याच्या हाती त्याला पेलेल अशी बॅट तर द्या!