कपाटातले गाणे कोणाचे?

हिंदुस्थानी संगीताच्या रसिकांमध्ये गेली साठ-सत्तर वर्षे एक व्यवहार चालू आहे आणि त्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात सापडत नाही. खाजगी मैफलीत कोणी तरी केलेले, कोणत्याही कंपनीने प्रकाशित न केलेले ध्वनिमुद्रण एका रसिकाकडून दुसऱ्याकडे जाते, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. पूर्वी ते स्पूलवरून जात असे, पुढे कॅसेटवरून जाऊ लागले, आज ते मोबाइलवरून क्षणार्धात जाते. पैशाची देवघेव यात सहसा नसते. काही जण या व्यवहाराला चोरी म्हणतात, तर त्यात भाग घेणारे त्याला संगीताची सेवा म्हणतात. हे दोन्ही शब्द घाईने वापरले जातात. प्रश्न मुळात मालकीचा आहे, आणि तो शांतपणे तपासला पाहिजे.

प्रथम हा व्यवहार जन्माला का आला ते पाहू. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हापासून पुढे अर्धशतक आपल्या रागसंगीताला तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत बसावे लागले. जो ख्याल तासभर फुलायचा, त्याचा केवळ नमुना बाजारात येत असे. पुढे दीर्घध्वनिमुद्रिका आली. तिच्या एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटे मावत. पण कोणाचे गाणे आणि कोणता राग मुद्रित करायचा, हे खपाच्या हिशेबानेच ठरत राहिले. उस्ताद अमीर खाँ १९७४ साली अपघातात गेले. त्यांच्या हयातीत निघालेल्या दीर्घध्वनिमुद्रिका मोजक्याच आहेत. आज त्यांच्या गायकीचा जो विस्तार अभ्यासकांना ज्ञात आहे, तो बव्हंशी आकाशवाणीच्या आणि खाजगी ध्वनिफितींमुळे. याच्या उलट, ज्यांच्या विद्येवर केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर घडल्या, ते अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली गेले आणि त्यांचा आवाज आज कोठेही उपलब्ध नाही. एका घराण्याच्या मूळ पुरुषाचे गाणे आपण केवळ आठवणींतून आणि शिष्यांच्या गळ्यांतून अनुमानाने जाणतो. ध्वनिफीत नसणे म्हणजे काय, हे समजण्यास एवढे एक उदाहरण पुरे.

या व्यवहाराला एक सामाजिक बाजूही आहे. खाजगी मैफल ही कधीच सर्वांची नव्हती. संस्थानिकांचा दरबार, शेठजींचा दिवाणखाना, वाड्यातली माडी या ठिकाणी प्रवेश कोणाला मिळे, हे पैसा, ओळख आणि जात या तिन्हींवर ठरत असे. ध्वनिफितीने तो दरवाजा किलकिला केला. तालुक्याच्या गावी शाळेत शिकवणारा संगीतप्रेमी शिक्षक मुंबईच्या मैफलीतला राग ऐकू शकला तो तिकीट काढून नव्हे. कोणा स्नेह्याने कॅसेटवर कॅसेट उतरवून दिली म्हणून. घराण्याच्या चिजा झाकून ठेवण्याची जी रूढी होती, तिलाही या देवाणघेवाणीने धक्का दिला.

परंतु म्हणून सगळ्याच संग्राहकांना संतपद देण्याचे कारण नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर ध्वनिमुद्रणाची प्रत काढल्याने मूळ प्रत उणी होत नाही. धान्याची पायली वाटली की ती संपते. गाणे वाटले तर ते देणाऱ्याकडेही राहते. ज्या वस्तूची मुळात टंचाई नाही, तिची टंचाई निर्माण करणे हे साठेबाजाचे काम आहे. आणि हे काम करणारे रसिकही आहेत. ‘तुम्ही मला अमुक द्या, मग मी तमुक देतो’ असा वस्तुविनिमय, अमुक मैफल आपल्यापाशीच आहे या मिरवण्यातला आनंद आणि मग ती फीत कपाटात कुलूपबंद ठेवणे, हे सारे या जगात चालते. फीत केवळ माझ्यापाशी आहे म्हणून माझे स्थान उंच, ही वृत्ती दिवाणखान्याच्या मालकाच्या वृत्तीहून वेगळी नाही.

आता कलावंताची बाजू. ती सर्वांत अवघड आहे आणि रसिक तिलाच सर्वांत सहज बगल देतात. केसरबाई ध्वनिमुद्रणाविषयी आणि ध्वनिक्षेपणाविषयी नाखूश असत. आपली विद्या कोणी ऐकून उचलावी हे त्यांना मान्य नव्हते. त्यांच्या थोड्या तबकड्यांपैकी एकीतली भैरवी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळात गेली, हा भाग निराळा. अन्नपूर्णादेवींचे उदाहरण त्याहून कठोर आहे. १९५० च्या दशकातच त्यांनी जाहीर वादन थांबवले, बाजारासाठी ध्वनिमुद्रण केले नाही आणि २०१८ साली मुंबईत निधन होईपर्यंत त्या शिष्यांना शिकवत राहिल्या. तरीही त्यांच्या सुरबहारच्या काही ध्वनिफिती हातोहात फिरत आल्या आहेत. ज्यांनी त्या ऐकल्या, त्यांना एका अलौकिक वादनाचा लाभ झाला हे खरेच. पण श्रोत्याच्या लाभाने वादकाची संमती सिद्ध होत नाही. श्रम ज्याचे, त्याला ते न विकण्याचा आणि न दाखवण्याचाही अधिकार असतो. आपण हा अधिकार गिरणी कामगाराला देतो आणि कलावंताला नाकारतो, ही विसंगती आहे. कलावंत हयात असेपर्यंत त्याचा नकार हा अंतिम मानला पाहिजे. मृत्यूनंतर मात्र तो नकार अनंत काळ चालू ठेवणे समाजाला परवडणारे नाही. तेथे मुदत हवी.

कायदा या बाबतीत अर्धवट मदत करतो. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन गायक-वादकांना त्यांच्या सादरीकरणावर प्रथमच स्वतंत्र हक्क मिळाला. आज त्याची मुदत पन्नास वर्षांची आहे. २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापरातील मोबदल्याचा आणि सादरीकरणाची मोडतोड रोखण्याचा हक्कही दिला. स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी अथवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेले ध्वनिमुद्रण हा गुन्हा नाही, असेही हाच कायदा म्हणतो. म्हणजे फीत करणारा निर्दोष ठरू शकतो, पण ती मित्राला देणारा कोठे उभा आहे हे धूसर राहते. त्याहून चमत्कारिक बाब ही की, ध्वनिमुद्रणावरील हक्काची साठ वर्षे प्रकाशनाच्या वर्षानंतर मोजली जातात. जे कधी प्रकाशितच झाले नाही, त्याचे घड्याळ सुरू कसे व्हायचे? कपाटातल्या गाण्याला कायद्याने जणू कपाटातच कायम ठेवले आहे.

या गुंत्यातून वाट काढता येते, याचे एक उदाहरण अमेरिकेत आहे. ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदाने आपल्या कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण करणाऱ्या चाहत्यांना हाकलून लावले नाही. १९८४ साली त्यांच्यासाठी प्रेक्षागारात स्वतंत्र जागा राखली. अट एकच, फितींची अदलाबदल करावी, त्यांवर नफा कमवू नये. त्यामुळे त्यांच्या कार्यक्रमांची गर्दी ओसरली नाही, उलट वाढली. येथे संमती होती आणि विक्रीला मनाई होती, हे महत्त्वाचे. आपल्याकडे नेमका उलटा प्रकार घडू शकतो. फुकट मिळालेल्या फिती एकत्र करून त्यांवर जाहिरातीचे उत्पन्न मिळवणारा कोणी उपटतो, आणि त्या उत्पन्नातले गायकाच्या वारसांना, तबलजीला, सारंगियाला काहीही मिळत नाही. साथीदाराचे तर नावही फितीवर लिहिलेले नसते. रसिकांच्या देवाणघेवाणीला चोरी म्हणणे अन्यायाचे आहे. या कमाईला मात्र चोरीच म्हटले पाहिजे.

वादाला वेळ असला तरी फितींना वेळ नाही. आपल्या दमट पावसाळी हवेत चुंबकीय फितीला बुरशी लागते, तिचा थर सुटतो. स्पूल वाजवणारी यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे हात, दोन्ही दुर्मिळ झाले आहेत. पहिल्या पिढीचे संग्राहक निघून गेले, दुसरी पिढी वृद्ध आहे, आणि घर बदलताना ‘जुन्या कॅसेट’ भंगारात जातात. पुण्यात १९८२ साली स्थापन झालेल्या आणि पुढे दिल्लीकडे गेलेल्या संगीतशास्त्रीय संग्रहालयासारखे प्रयत्न झाले आहेत, मुंबईत राष्ट्रीय संगीत नाटक केंद्राचाही संग्रह आहे. पण घराघरांत विखुरलेल्या फितींच्या मानाने हे अपुरे आहे.

म्हणून महाराष्ट्र शासनाने आणि विद्यापीठांच्या संगीत विभागांनी मिळून एक सार्वजनिक ध्वनिसंग्रह उभारावा. संग्राहकांच्या फितींची नीट प्रत काढून मूळ फीत त्यांना परत द्यावी. गायकाबरोबर प्रत्येक साथीदाराचे नाव, स्थळ आणि तारीख नोंदवावी. हयात कलावंताच्या संमतीविना काहीही ऐकवू नये. दिवंगतांच्या बाबतीत वारसांचे म्हणणे ऐकून मुदत ठरवावी आणि ती संपल्यावर जिल्ह्याच्या ग्रंथालयातही कोणालाही ते विनामूल्य ऐकता यावे. व्यापारी वापर झालाच तर त्याचा वाटा तानपुऱ्याच्या साथीपर्यंत पोचावा. संसदेने अप्रकाशित ध्वनिमुद्रणाच्या मुदतीचा प्रश्नही सोडवावा. आणि संग्राहकांनी शासनाची वाट न पाहता आपल्या फितींची यादी आजच करायला घ्यावी. कपाटात पडलेले गाणे कोणाचेच नसते; तेथे ते फक्त नष्ट होते.