राखणीच्या कुत्र्याची गाठ

मंद्रूपच्या शिवारात ज्वारी निघाली की रानात मेंढरे बसू लागतात आणि रात्रीच्या राखणीची सारी भिस्त कुत्र्यावर असते. असे कुत्रे वयस्क झाले की कधी त्याच्या गुदद्वाराशेजारी गाठ येते, फुटते, तीवर माश्या बसतात. धनी चुना लावतो, नाहीतर डागणी देतो.

ही गाठ बहुधा त्वचेतील एका विशिष्ट ग्रंथीची असते. पेशी यकृताच्या पेशींसारख्या दिसतात म्हणून तिला यकृतसदृश ग्रंथी म्हणतात. ती नरसंप्रेरकावर पोसते. त्यामुळे खच्ची न केलेल्या म्हाताऱ्या नरात गाठ अधिक आढळते. ती बहुतेक वेळा सौम्य असते व खच्चीकरणानंतर पुष्कळदा आकसते. परंतु त्याच जागी गुदाशेजारच्या पिशवीतील ग्रंथीचा कर्करोगही उद्भवतो. तो लसिकाग्रंथींत पसरतो. काही कुत्र्यांच्या रक्तात कॅल्शियम वाढून त्यांना सारखी तहान लागते. नुसत्या चाचपण्याने दोहोंतील भेद खात्रीने सांगता येत नाही.

अशा वेळी पेशींतील प्रथिने खुणेसारखी उपयोगी पडतात. सायटोकेरॅटिन आढळले तर गाठ त्वचेच्या किंवा ग्रंथीच्या अस्तरातून उपजली असे समजते. पी-६३ तळाच्या पेशी दाखविते. की-६७ विभाजन पावणाऱ्या पेशी रंगविते. त्यांचे प्रमाण फार असल्यास संशय बळावतो. (१९८३ साली प्रसिद्ध झालेल्या या खुणेतील ‘की’ हे जर्मनीतील कील शहराचे आद्याक्षर होय.)

तथापि प्रत्येक गाठीसाठी ही तपासणी मागणे मेंढपाळावर अकारण खर्च लादणे आहे. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेक गाठींचा निकाल लागतो. तज्ज्ञ अडेल तेथेच खुणा पाहाव्यात. खरी उणीव निराळीच आहे. गाठ कापली जाते आणि उकिरड्यावर जाते. मग मुंबईचे १८८६ सालचे पशुवैद्यकीय महाविद्यालय असो वा शिरवळचे, तेथील तज्ज्ञाने तपासावे तरी काय?

म्हणून दवाखान्यात रुंद तोंडाची बरणी व दहा टक्के फॉर्मॅलिन सदैव तयार असावे. द्रव गाठीच्या दहापट असावा. मोठी गाठ चिरून बुडवावी, गोठवू नये. आठवडेच्या आठवडे बरणी पडून राहिल्यास प्रथिनांच्या खुणा पुसट होतात. कुत्र्याचे वय, नर की मादी, खच्ची केलेले आहे काय आणि गाठ नेमकी कोठे होती, हे ग्रामस्तरावरील कार्यकर्त्याने धन्याला विचारून चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहावे; फॉर्मॅलिन सांडले तर शाई विरघळते.