संस्थेचा अखेरचा ठराव

सेवाभावी संस्था बंद करण्याची वेळ आली की आपल्याकडे दोन मते हमखास ऐकू येतात. पहिले असे की, संस्था काहीही करून टिकवावी. काम थांबले तरी पाटी राहू द्यावी. दुसरे असे की, आता सारा प्रश्न वकील आणि लेखापरीक्षक यांचा. मूल्यांची भाषा वर्धापनदिनी शोभते, टाळे लावताना तिचे काय काम? ही मते वरकरणी परस्परविरोधी दिसली, तरी आमच्या मते ती एकाच गैरसमजातून निघतात. संस्था म्हणजे तिची मालमत्ता, हा तो गैरसमज होय.

या संदर्भात साबरमतीच्या सत्याग्रहाश्रमाचे उदाहरण पुन्हा तपासण्याजोगे आहे. १९१५ मध्ये कोचरब येथे सुरू झालेला आणि १९१७ मध्ये साबरमतीकाठी हलवलेला हा आश्रम गांधींनी १९३३ च्या जुलैअखेर विसर्जित केला. प्रश्न पैशाचा नव्हता. कायदेभंगात सारा न भरणाऱ्या शेतकऱ्यांच्या जमिनी जप्त होत असताना, त्यांना त्यागाचा मार्ग दाखवणाऱ्या आश्रमाने स्वतःच्या इमारती सुरक्षित राखाव्यात, ही विसंगती गांधींना मान्य नव्हती. आश्रमाची वास्तू ताब्यात घ्यावी, असे त्यांनी सरकारलाच कळवले. ग्रंथसंग्रह अहमदाबाद नगरपालिकेला देण्यात आला. रास गावाकडे कूच करण्यापूर्वीच गांधींना अटक झाली आणि त्यांची रवानगी येरवड्याच्या तुरुंगात झाली. सरकारने वास्तू स्वीकारली नाही. तेव्हा सप्टेंबरमध्ये ती हरिजन सेवक संघाकडे सोपवण्यात आली.

याच आश्रमाने १९१५ मध्ये दुदाभाईंच्या दलित कुटुंबाला सामावून घेतले, तेव्हा देणग्यांचा ओघ आटला होता. संस्था जगवण्यासाठी ज्या व्रताशी तडजोड केली नाही, त्याच व्रताच्या कामी ती संपताना तिची वास्तू आली. सेवक संघाच्या भूमिकेवर डॉ. आंबेडकरांनी घेतलेले आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत आणि ते गंभीर आहेत. पण येथे मुद्दा वेगळा आहे : वारस कोण, हा निर्णय येथे सोयीने केला नाही, तत्त्वाने केला.

यावर कोणी म्हणेल, गांधींचा अधिकार सामान्य विश्वस्तांनी कोठून आणावा? आमचे उत्तर असे की, त्याची गरजच नाही. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार तीन पंचमांश सभासद विसर्जनाचा निर्णय घेऊ शकतात. देणी भागवून उरलेली मालमत्ता मात्र सभासदांत वाटता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेकडे जावी लागते. महाराष्ट्रात विश्वस्त संस्थेची स्थावर मिळकत विकण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. कायदा किमान मर्यादा आखून देतो. त्या मर्यादेच्या आत कोणाला आधी सांगायचे, कोणाचे देणे आधी द्यायचे, दप्तर कोठे ठेवायचे, हे विश्वस्तांच्या विवेकावर राहते. आणि नेमके तेथेच मूल्य कळते.

समतेची प्रतिज्ञा करणारी संस्था आपल्या शिपायाला बंदीची वार्ता सर्वांत शेवटी देते; पारदर्शकतेवर परिसंवाद भरवणारी संस्था अखेरचा हिशेब देणगीदारांपासून लपवते; वाचनसंस्कृतीचा जप करणारे वाचनालय आपला ग्रंथसंग्रह रद्दीच्या भावाने फुंकून टाकते. अशा संस्थांची मूल्ये शेवटी बुडाली, असे आम्ही म्हणणार नाही. ती आधीही फक्त अहवालांत होती; टाळे लागताना ते उघड झाले, इतकेच.

आणि नुसती पाटी टिकवणाऱ्यांचे काय? ज्या जागेत आणि ज्या निधीत दुसरे कोणी काम उभे करू शकले असते, ते दोन्ही ही मंडळी अडवून बसतात. त्याला निष्ठा म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे.

वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्यांना हे पटवण्यास फार सायास पडू नयेत. शेवट चुकला की आधीच्या पानांवरचा विश्वास डळमळतो, हे आपण वर्गात रोज शिकवतो. संस्थेची घटना लिहितानाच विसर्जनाचे कलम तितक्याच काळजीने लिहावे, आणि वेळ आल्यास ते निर्लेप मनाने पाळावे. स्थापनेचा ठराव उत्साहात कोणीही लिहितो. संस्थेचे चारित्र्य मात्र तिच्या अखेरच्या इतिवृत्तात वाचायला मिळते.