नावात बरंच काही असतं!

काय मंडळी, लोणावळा-माथेरान करून कंटाळलात? मग या वीकेण्डला शिरूर-दौंडकडे चला. धबधबे नाहीत, पण गावांची नावं भन्नाट!

आम्ही ऑफिसातले बारा जण निघालो ते नावांवर हसतच. दौंड तालुक्यात 'गार' आहे, 'रोटी' आहे. शिरूरमध्ये आलेगाव पागा, गणेगाव खालसा आणि गणेगाव दुमाला. ''दुमाला म्हणजे डुप्लेक्स का रे?'' सगळे खिदळले, एक जण सोडून. तो त्याच गावचा निघाला. चार वर्षं आम्हाला 'पुण्याचाच' म्हणून सांगत होता!

गावं लांब लांब, त्यामुळे मधलं अंतर जीपनं आणि गाव आलं की पायी. बांधावरून चालताना त्यानंच फंडा क्लिअर केला. खालसा म्हणजे ज्या गावाचा सारा थेट सरकारजमा व्हायचा ते. दुमाला म्हणजे ज्याचा महसूल इनामदाराला, देवस्थानाला असा दुसऱ्या कुणाला तोडून दिलेला. पागा म्हणजे घोड्यांचा तबेला. थोडक्यात, पिकवलेलं धान्य कुणाच्या घरी जायचं, ते गावाच्या नावातच लिहिलेलं.

मग घोडनदीकाठचं इनामगाव. नावातच इनाम! डेक्कन कॉलेजनं इथं 1968 पासून उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची शंभराहून जास्त घरं सापडली. त्यातलं एक पाच खोल्यांचं मोठ्ठं घर, शेजारी धान्याचं कोठार. म्हणजे 'धान्य कुणाचं?' हा प्रश्न तेव्हाही होताच की! इथं मात्र कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी भीमा ओलांडून दौंड तालुक्यात, पाटसमार्गे रोटी घाट. तुकोबांची पालखी इथूनच चढते. रथाला जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात. आम्ही मात्र चढ संपताच चहा गाठला.

चहावाल्या मावशींनी विचारलं, ''कुठली म्हणायची पोरं?'' आम्ही कोरसमध्ये 'पुणे' म्हणणार, तेवढ्यात आमचा मित्र म्हणाला, ''मावशी, मी गणेगाव दुमाल्याचा.''

तुम्ही जाल तेव्हा थंडीत जा, पाणी घ्या, उभ्या पिकात शिरू नका. आणि ऑफिसात शेजारी बसणाऱ्याला त्याचं गाव विचारा. पूर्ण नावासकट!