कारणांवांचून दिलेला निकाल

शाळेचें प्रगतिपत्रक घरीं आलें म्हणजे बापाची नजर प्रथम गणितावर जाते, मग विज्ञानावर, मग इंग्रजीवर. गणितांत दोन गुण कमी पडले असले तर ते कोठें गेले याची चौकशी होते, उत्तरपत्रिका पाहिली जाते, शिकवणी लाविली जाते. त्याच पत्रकाच्या तळाशीं ‘कला’ असा एक रकाना असतो व त्यापुढें एक अक्षर लिहिलेलें असतें. तें अक्षर तेथें कां आलें हें बाप विचारीत नाहीं, मुलास ठाऊक नसतें, आणि पुष्कळ वेळां ज्यानें तें लिहिलें त्या शिक्षकासही सांगतां येत नाहीं. या एका अक्षराविषयीं आज आम्ही लिहिणार आहों. विषय क्षुल्लक आहे असें ज्यांस वाटेल त्यांस आमची एवढीच विनंति आहे कीं, त्यांनीं लेख शेवटपर्यंत वाचावा व मग आपलें मत ठरवावें.

या प्रश्नांत दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो कीं, कला ही ईश्वरी देणगी आहे. ज्यास ती मिळाली त्याची परीक्षा घेण्याचें कारण नाहीं, व ज्यास मिळाली नाहीं त्याची घेऊन उपयोग नाहीं. दुसरा पक्ष म्हणतो कीं, सरकारी रेखाकला परीक्षा आहेत, त्यांत श्रेणी मिळते, मग आणखी काय पाहिजे? आमच्या मतें दोन्ही पक्षांची चूक एकच आहे. मुलास चित्र काढतां येतें कीं नाहीं एवढेंच दोघे पाहतात. तें शाळेंत येऊन काय शिकलें हें कोणीच पाहत नाहीं. ज्याचा हात मूळचाच वळणदार आहे तो मुलगा जूनमध्यें जेथें होता तेथेंच मार्चमध्यें असूं शकतो. उलट, ज्या मुलीस जूनमध्यें तांब्या नीट उभा करितां येत नव्हता, तिला मार्चपर्यंत त्याचें गोल तोंड बाजूनें पाहिलें असतां लांबट कां दिसतें हें उमगून तसें काढतां येऊं लागलेलें असतें. यांत शिकलें कोण? मुलगी. वरची श्रेणी कोणास? मुलास.

ही दृष्टि आमच्याकडे कोठून आली हें पाहण्यासारखें आहे. 1852 सालीं लंडन येथें हेन्री कोल यांच्या देखरेखीखालीं चित्रशिक्षणाचें सरकारी खातें उभें राहिलें, व रिचर्ड रेडग्रेव्ह यांनीं त्याकरितां 23 पायऱ्यांचा अभ्यासक्रम आंखून दिला. विलायती कारखान्यांचा माल फ्रेंच मालापुढें फिका पडूं नये, यासाठीं कारागिरांचे हात घटवावेत हा त्याचा एक मुख्य हेतु होता. पुढें विद्यार्थ्यांच्या निकालाच्या प्रमाणांत शिक्षकांस पैसे देण्याची चालही त्या खात्यानें पाडली; आणि जें मोजतां येतें व ज्याचे पैसे मिळतात तेंच शिकविलें जावें हें ओघानेंच आलें. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीनें मुंबईंत 1857 सालीं कलाशाळा निघाली, आणि 1865 सालीं जॉन ग्रिफिथ्स व लॉकवुड किपलिंग हे त्याच लंडनच्या वळणाचे शिक्षक तेथें आले. शिक्षकांबरोबर वळण आलें. आज महाराष्ट्रांत एलिमेंटरी व इंटरमिजिएट या नांवांनीं ज्या परीक्षा होतात, त्यांतील वस्तूंचें चित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती व अक्षरलेखन या विषयांवर त्या वळणाची छाया स्पष्ट दिसते.

या परीक्षांची आम्ही निंदा करीत नाहीं. मुंबईच्या मुलास व आडगांवच्या मुलास त्यांत एकच प्रश्नपत्रिका मिळते. परीक्षक परका असल्यामुळें तेथें ओळखदेख चालत नाहीं. आणि शाळेंत चित्रशिक्षकाचें स्थान आज जेवढें टिकलें आहे तें बऱ्याच अंशीं या परीक्षांमुळेंच टिकलें आहे. पण दोन-तीन तासांत पुरा केलेला एक कागद हाच त्यांतील सर्व पुरावा. शिवाय इंटरमिजिएटच्या अ श्रेणीस 7, ब श्रेणीस 5 व क श्रेणीस 3 असे गुण दहावीच्या निकालांत वाढून मिळतात. ज्या मालाचा भाव ठरला त्याचीच आवक वाढते, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. स्मरणचित्र म्हणजे डोळ्यांनीं पाहिलेलें आठवून काढणें. परंतु कित्येक ठिकाणीं मुलें भाजीबाजार, पाणवठा, बागेंतील खेळ हीं चित्रें आधींच घोटून जातात. पाठमोरी बाई, टोपलीवाला आणि झाडाखालीं बसलेला म्हातारा हे ठरीव पुतळे वाटेल त्या विषयांत बसवितात. जो बाजार मुलगा रोज ओलांडून शाळेंत येतो तो त्याच्या चित्रांत नसतो; मार्गदर्शक पुस्तकांतला असतो. याचा दोष मुलाकडे नाहीं. जें विचारलें जातें तें त्यानें दिलें.

पहिलीपासून आठवीपर्यंतची व्यवस्था कागदावर याहून पुष्कळ चांगली आहे. मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या 2009 च्या कायद्यानें, 29 व्या कलमांत, मुलाचें मूल्यमापन सर्वंकष व सातत्यानें व्हावें असें सांगितलें. त्यास अनुसरून महाराष्ट्र सरकारनें 2010 सालीं जी पद्धति लागू केली तींत कला, कार्यानुभव व शारीरिक शिक्षण हे विषय सत्राखेरच्या परीक्षेंतून मोकळे केले, आणि आकारिक मूल्यमापनाकडे, म्हणजे वर्षभर पाहून नोंद करण्याकडे, सोंपविले. हेतु उत्तम होता. परिणाम काय झाला? वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या निघाल्या. ‘रंगसंगति छान साधतो’, ‘चित्रांत आवडीनें भाग घेते’ अशीं वाक्यें त्यांतून उचलावीं आणि साठ मुलांच्या नांवांपुढें फिरवून फिरवून लिहावीं, म्हणजे रकाना भरला! ज्या मुलीनें वर्षभर रंगास हातच लाविला नाहीं तिचीही रंगसंगति त्या वहींत छान साधलेली असते.

आतां आम्ही जो व्यवसाय करितों त्यांतील एक गोष्ट येथें सांगावीशी वाटते. 1908 च्या दिवाणी व्यवहार संहितेप्रमाणें न्यायाधीशानें निकालपत्रांत दाव्याची हकीकत, निर्णयाचे मुद्दे, त्यांवरील निर्णय व त्या निर्णयाचीं कारणें हीं चारही लिहावीं लागतात. कारणें न लिहिण्याची सूट आहे ती लघुवाद न्यायालयास. तेथें मुद्दे व निर्णय एवढ्यांवर भागतें. आमच्या शाळांनीं मुलांची कला या लघुवाद न्यायालयांतही नव्हे, त्याच्या बाहेरच्या ओट्यावर नेऊन बसविली आहे. कारण तेथें मुद्देही कोणी सांगत नाहीं. आमची मागणी एवढीच आहे कीं, दहा रुपयांच्या दाव्यास जो न्याय मिळतो तो मुलाच्या चित्रास मिळावा.

म्हणजे काय करावें? सातवीच्या वर्गांत पितळेच्या तांब्याचें चित्र काढावयाचें आहे असें समजा. पहिली गोष्ट, मुद्दे आधीं जाहीर करावे: तांब्याच्या तोंडाचा व पोटाचा आकार पाहून काढला आहे काय, उजेड कोणीकडून येतो हें छायेवरून समजतें काय, कागदावर तांब्याची जागा विचारपूर्वक निवडली आहे काय. तीन मुद्दे पुरेत. दुसरी गोष्ट, पुरावा एका कागदाचा नसावा. पहिल्या दिवशीं काढलेला तांब्या, मधले कच्चे आराखडे व चार आठवड्यांनंतरचा तांब्या हे सर्व शेजारीं ठेवून पाहावे. तिसरी गोष्ट, मुलाचें म्हणणें ऐकावें. आपण काय बदललें व कां बदललें हीं दोन वाक्यें त्यानें चित्राच्या पाठीमागें लिहावीं. चौथी गोष्ट, शिक्षकानें श्रेणीबरोबर कारण लिहावें. ‘छान’ हें कारण नव्हे. ‘तोंडाचा आकार आतां बरोबर आला आहे, छाया अजून सर्व बाजूंनीं सारखीच पडली आहे, ती खिडकीकडे पाहून पुन्हां काढ’ हें कारण होय, कारण त्यानें मुलाच्या हातीं पुढचें काम दिलें.

आणि काय मोजूं नये हेंही ठरलें पाहिजे. रंगपेटीची किंमत मोजूं नये. नाहीं तर श्रेणी बापाच्या दुकानास मिळते. घरून कोणी तरी काढून दिलेलें चित्र मोजूं नये. चित्र शिक्षकाच्या फळ्यावरील चित्राशीं किती जुळतें हें तर मुळींच मोजूं नये.

व्यापारी गृहस्थांस ही पद्धति नवी वाटण्याचें कारण नाहीं. दिवाळीच्या एका दिवसाच्या गल्ल्यावरून कोणी पेढीचा ताळेबंद करीत नाहीं. रोजकीर्द लागते, खतावणी लागते, आणि बुडालेली उधारीही त्यांत लिहावी लागते. मुलाच्या चित्रांचा संग्रह ही त्याची रोजकीर्द आहे. अमेरिकेंत पिट्सबर्ग येथील शाळांत 1980 च्या दशकांत हार्वर्ड विद्यापीठाच्या मंडळींनीं हीच दिशा धरली. तेथें मुलांच्या संग्रहांत पुऱ्या झालेल्या चित्रांबरोबर फसलेले प्रयत्न व मुलांनीं स्वतः लिहिलेल्या टीपाही ठेवीत. परदेशाकडेच पाहावें असेंही नाहीं. आमच्या सेवाग्रामांत नयी तालीमच्या शाळेंत 1944 पासून देवीप्रसाद हे मुलांस चित्रकला शिकवीत होते, व मुलांची कला ही त्यांच्या वाढीचें अंग आहे असें त्यांनीं ग्रंथ लिहून प्रतिपादिलें.

यावर शिक्षक म्हणतील, एका वर्गांत साठ मुलें, आठवड्यास एखादी तासिका, आणि सगळ्या शाळेस मिळून चित्रशिक्षक एक किंवा तोही नाहीं. कारणें लिहावयाचीं केव्हां? आक्षेप खरा आहे. त्यास उत्तर असें कीं, प्रत्येक चित्रास श्रेणी देण्याची गरज नाहीं. वर्षांत चार कामें निवडावीं. दर आठवड्यास दहा मुलांचे संग्रह पाहावे, म्हणजे सहा आठवड्यांत वर्ग पुरा होतो. बाकीच्या चित्रांस श्रेणी नसावी. कांहीं चित्रें मुलांनीं केवळ आनंदासाठीं काढलींच पाहिजेत. दुसरा आक्षेप पक्षपाताचा. त्यास उपाय हा कीं, जवळच्या दोन शाळांच्या शिक्षकांनीं थोडे संग्रह आपसांत बदलून स्वतंत्रपणें तपासावे, व मत भिन्न पडेल तेथें मुद्द्यांवर बोट ठेवून चर्चा करावी. पण जेथें चित्रशिक्षकाची जागाच भरलेली नाहीं तेथें आमच्या या सूचना फुकट आहेत, हें सरकारनें पक्कें समजावें. मूल्यमापनाच्या आज्ञा काढणें स्वस्त आहे. शिक्षक नेमण्यास पैसे पडतात.

सरकारास नवा अधिकार मिळवावयाचा आहे असेंही नाहीं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें प्रगतिपत्रकांत शिक्षकाबरोबर मुलाचें स्वतःचें व सोबत्यांचें मूल्यमापनही यावें असें म्हटलेंच आहे. दहावीच्या वाढीव गुणांपैकीं कांहीं भाग वर्षभराच्या संग्रहास ठेवावा, ही आमची स्पष्ट सूचना आहे.

या एका अक्षरानें नुकसान काय होतें, असें कोणी विचारील. ज्या मुलास कारण न सांगतां क मिळाला, तें मूल ‘मला चित्र येत नाहीं’ असा निकाल स्वतःवर करून घेतें व पुन्हां पेन्सिल धरीत नाहीं. त्याच्यावर अपील नाहीं. तें पुढें सुतार होईल, सोनार होईल, यंत्रशाळेंत जाईल किंवा दुकान घालील. प्रत्येक ठिकाणीं वस्तु नीट पाहण्याची व मनांतली वस्तु कागदावर उतरविण्याची गरज त्यास पडेल, आणि ती शक्ति शाळेनें एका अक्षरानें मारून टाकलेली असेल. म्हणून आईबापांस आमचें सांगणें आहे कीं, यंदा निकालाच्या दिवशीं शाळेंत जाल तेव्हां गणिताची उत्तरपत्रिका मागा, आणि तिच्याबरोबर आपल्या मुलाचीं दोन चित्रेंही मागा, एक जूनमधलें व एक मार्चमधलें. शाळा तीं दाखवूं शकली नाहीं, तर त्या रकान्यांतलें अक्षर कशाच्या आधारें लिहिलें, हें विचारण्याचा तुम्हांस पूर्ण हक्क आहे. आणि शाळांच्या व्यवस्थापक मंडळांवर जे व्यापारी व वकील बसतात त्यांनीं तर हा प्रश्न पहिल्याच सभेंत विचारला पाहिजे.