निवृत्त जवानाचं ‘पदवीसमान’ प्रमाणपत्र कुठं चालतं, कुठं अडतं?

दहावी-बारावीनंतर भरती झालेला जवान बहुतेक वेळा ३५ ते ४० च्या वयात निवृत्त होतो. पुढं शिकायचं ठरवलं तर त्याच्या हातात काय असतं?

दहावी पास आणि किमान १५ वर्षं सेवा असेल तर ‘पदवीसमान’ प्रमाणपत्र मिळतं. नाव भारदस्त, पण उपयोग मर्यादित. पदवीची अट असलेल्या, तांत्रिक अनुभव न लागणाऱ्या गट ‘क’ सरकारी पदांसाठी ते चालतं. एमए, एमबीएला विद्यापीठाचीच पदवी लागते. म्हणजे एकच माणूस भरतीच्या रांगेत पदवीधर आणि कॉलेजच्या खिडकीवर दहावी पास!

मग पंतप्रधान शिष्यवृत्ती? ती माजी सैनिकांच्या मुलांना आणि वीरपत्नींना मिळते: मुलींना महिना ३,००० रुपये, मुलांना २,५००. योजना चांगलीच आहे, फक्त सैनिक स्वतः तिच्यात बसत नाही. त्याच्यासाठी पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स आहेत, पण ते काही आठवड्यांचे किंवा महिन्यांचे, नोकरीपुरते. अमेरिकेनं १९४४ मध्ये कायदा करून फी आणि निर्वाहभत्ता थेट सैनिकालाच दिला. दुसऱ्या महायुद्धातले सुमारे २२ लाख सैनिक त्यातून कॉलेजात गेले.

आपल्याकडे हा प्रश्न आता तातडीचा आहे, तो अग्निवीरांमुळे. सेवा चार वर्षांची, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के कायम. बाकीचे ऐन विशीत सुमारे ११.७१ लाखांचा सेवा निधी घेऊन बाहेर. पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी २०२३ च्या सुमारास सुरू झालं, म्हणजे चार वर्षं २०२६-२७ च्या हिवाळ्यात भरतात.

त्यांच्यासाठी ‘इग्नू’ची खास पदवी आहे. तिचे निम्मे क्रेडिट लष्करी प्रशिक्षणातूनच मिळतात. कल्पना उत्तम, पण एकाच विद्यापीठापुरती का? क्रेडिट जमा ठेवायला ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ आहेच. डिप्लोमावाल्यांना इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. सिग्नल किंवा रडार सांभाळलेल्या जवानालाही तसा मार्ग मिळायला हवा. गणिताचा ब्रिज कोर्स मात्र लागेल. एम-१ चा पेपर बारावीतून थेट आलेल्यांनाही घाम फोडतो, कुठल्याही इंजिनिअरला विचारा.

आणि वेळापत्रकाचं काय? हिवाळ्यात सुटलेल्या मुलानं जूनच्या प्रवेशांपर्यंत थांबायचं का? वर्षातून दोनदा प्रवेश द्यायला यूजीसीनं २०२४ मध्येच मुभा दिली आहे. राज्यातल्या विद्यापीठांनी जानेवारीची फेरी या मुलांपासून सुरू करावी.