‘खबर’ गळाली तेव्हा

नांगराच्या कारखान्याला मासिक कशाला हवे? १९२० साली किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले, तेव्हा याचे उत्तर नावातच होते. कारखान्याची खबर गिऱ्हाइकापर्यंत पोचवायची. लोखंडी नांगराने जमिनीला विष चढते, असे मानणाऱ्या शेतकऱ्याला कारखान्याचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगर विकला होता. माल खपवायचा तर आधी माणसाशी बोलावे लागते, हे त्या घराला कोणी शिकवायला नको होते.

नऊ वर्षांनी, १९२९ मध्ये, नावातली ‘खबर’ गळाली. मागे नुसते ‘किर्लोस्कर’ राहिले. पुढच्याच वर्षी ‘स्त्री’ निघाले, १९३४ मध्ये ‘मनोहर’. गळालेल्या त्या एका शब्दाकडे नीट पाहायला हवे.

१९२० च्या दशकात जगाला धंदा शिकवत होती ती अमेरिका. जानेवारी १९२५ मध्ये अध्यक्ष कूलिज यांनी अमेरिकी माणसाचा मुख्य व्यवहार धंदा हाच असल्याचे सांगितले, तेही वृत्तपत्रांच्या संपादकांसमोर. त्याच वर्षी ब्रूस बार्टन या जाहिरातवाल्याने येशू ख्रिस्ताला आधुनिक धंद्याचा जनक ठरवणारे पुस्तक लिहिले आणि ते धडाक्याने खपले. मोटारी, रेडिओ हप्त्यांवर घरोघर येत होते. विकण्याची कला हेच जणू तत्त्वज्ञान झाले होते. १९२९ च्या ऑक्टोबरात शेअरबाजार कोसळला, तेव्हा त्या तत्त्वज्ञानाकडे लोकांना सांगण्यासारखे काही उरले नाही.

किर्लोस्करवाडी या अमेरिकेला अनोळखी नव्हती. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव १९२२ ते १९२६ या काळात बोस्टनशेजारी एमआयटीत यंत्रशास्त्र शिकत होते. तिकडचे तंत्र आपण घेतले याचा संकोच वाडीला कधी वाटला नाही. वाचकाला काय सांगायचे, हे मात्र तिने स्वतः ठरवले.

मुहूर्त, ग्रहण आणि पोथी मानणारा शेतकरीच नांगराचा गिऱ्हाईक होता. तरीही तीसच्या दशकात याच घराच्या मासिकात सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध छापले गेले. रूढी, स्त्रीशिक्षण, पुनर्विवाह हे विषय या घराच्या मासिकांनी सोडले नाहीत. वाचक दुखावेल आणि त्याचा राग नांगरावर निघेल, ही भीती त्यांनी बाळगली नाही. जाहिरात गिऱ्हाइकाशी कधी वाद घालत नाही. हे मासिक घालत होते. म्हणून घरोघर ते जपून ठेवले गेले. ज्याच्याशी आपण वाद घालतो, त्याला विचार करणारा माणूस मानतो. गिऱ्हाइकाला असा मान देणारा कारखानदार त्या काळी अमेरिकेतही शोधावा लागला असता.

आज शिरवळपासून पलूस-कुपवाडपर्यंत, सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत, एमआयडीसीच्या औद्योगिक वसाहती उभ्या आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्चावे लागतात. त्यातून शाळेला खोल्या मिळतात, बसथांब्याला छप्पर मिळते. ही कामे चांगलीच आहेत. पण प्रत्येक छपरावर कंपनीचे नाव मोठ्या अक्षरात असते आणि अहवाल इंग्रजीत गुळगुळीत कागदावर निघतो. त्यात गावाशी बोललेले एक वाक्य सापडत नाही. ही सगळी ‘खबर’ झाली.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी औंध संस्थानातल्या बत्तीस एकर माळावर उभ्या राहिलेल्या एका कारखान्याला जे जमले, ते आजच्या धनवान कारखान्यांना न जमण्यासारखे नाही. गावच्या भाषेत, गावच्या प्रश्नांवर, गावाला प्रसंगी बोचेल असे काही छापा. वर कंपनीचे नाव खुशाल ठेवा. ‘खबर’ तेवढी काढा.